संशोधनाचा विषय तुमच्या वर्गातच आहे

पत्र :

मॅडम, सप्रेम नमस्कार. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मतिमंद विद्यालयात मी सहा वर्षं विशेष शिक्षिका आहे. डी.एड. स्पेशल झालं, नंतर बी.एड. स्पेशलही केलं. आता एम.एड. आणि जमलं तर पीएच.डी. करावी असं मनात आहे. घरचे म्हणतात, त्यापेक्षा साधं बी.एड. कर, कुठल्याही शाळेत लागशील. विद्यापीठातल्या एका सरांना भेटले. ते म्हणाले, 'समावेशक शिक्षणाबाबत शिक्षकांची अभिवृत्ती' असा विषय घ्या, म्हणजे दिव्यांग मुलांना साध्या शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांना काय वाटतं ते; प्रश्नावली तयार आहे, दोनशे शिक्षकांकडून भरून आणा, एम.एड.ला चालेल आणि पुढे पीएच.डी.लाही वाढवता येईल. पण माझ्या डोक्यात दुसरंच काही घोळतंय. माझ्या वर्गात अकरा वर्षांचा एक मुलगा आहे. बटणांच्या फ्रेमवर तो सगळी बटणं लावतो. मी आयईपीत, म्हणजे त्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, 'साध्य' असा शेरा मारला. परवा पालकसभेत त्याची आई म्हणाली, "बाई, शर्टाची बटणं अजून मीच लावते." कॉलेजात शिकवलं ते सगळं मी केलं होतं. मग अडलं कुठे? आणि पीएच.डी. करून असल्या प्रश्नांची उत्तरं मिळतात का?

— एक विशेष शिक्षिका, लातूर जिल्हा

उत्तर :

ताई, आधी बटणांचं बघू. तुमचे बाकीचे प्रश्न त्यातूनच सुटत जातील.

फ्रेम टेबलावर आडवी असते, मुलाच्या समोर. कापड ताणून बसवलेलं, बटणं मोठी, काजं सैल. दोन्ही हात डोळ्यांपुढे असतात. आता तोच मुलगा स्वतःचा शर्ट घालून उभा आहे असं बघा. वरचं बटण त्याला दिसतच नाही, बोटांनी चाचपून लावावं लागतं. कापड सैल आहे, एक बाजू धरली की दुसरी सरकते. आणि समोरची फ्रेम म्हणजे समोरच्या माणसाचा शर्ट. तिच्यावर ज्या हाताने बटण धरायची सवय लागली, अंगावरच्या शर्टावर तो हात काजाच्या बाजूला येतो. म्हणजे आपण ज्याला 'एकच कौशल्य' म्हणतो ती त्या मुलाच्या दृष्टीने दोन वेगळी कामं आहेत. त्यातलं एक तुम्ही उत्तम शिकवलंत. दुसरं अजून कुणी शिकवलेलंच नाही. त्यात भर म्हणजे घरी हे काम सकाळच्या घाईत होतं. दारात रिक्षा उभी असते, आई डबा भरत असते. अशा वेळी मुलाच्या हातून बटण सुटलं की आईने पुढे होऊन लावणं अगदी साहजिक आहे.

एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे आपोआप जात नाही, ही गोष्ट आपल्या शास्त्रात जुनी आहे. ट्रेव्हर स्टोक्स आणि डोनाल्ड बेअर या दोन संशोधकांनी १९७७ साली यावर एक लेख लिहिला. त्यांनी तोवरचे प्रयोग चाळले, तेव्हा दिसलं की बहुतेक ठिकाणी शिकवून झाल्यावर ते कौशल्य इतरत्र उतरेल अशी नुसती आशा धरलेली असते, त्यासाठी मुद्दाम काही केलेलं नसतं. त्यांचं म्हणणं असं की सामान्यीकरण, म्हणजे एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे वापरता येणं, हाही शिकवण्याचाच भाग आहे आणि त्याची आखणी पहिल्या दिवसापासून करायला हवी. बी.एड.च्या परीक्षेत 'सामान्यीकरण म्हणजे काय' यावर तुम्ही पाच गुणांचं उत्तर नक्की लिहिलं असणार. पण सरावपाठात ते करून घेणारं कुणी होतं का?

करायचं असं. फ्रेम बाजूला ठेवा आणि त्याचाच शर्ट त्याच्या अंगावर घ्या. सुरुवात वरून नको, पोटाजवळच्या बटणापासून करा, कारण ते त्याला खाली बघून दिसतं. एका बटणाचे तुकडे पाडा : एका हाताने बटण चिमटीत धरणं, दुसऱ्या हाताने काजाची कड धरणं, बटणाची कड काजात सरकवणं, पलीकडून ती पकडणं, ओढून बाहेर काढणं. मग शेवटाकडून सुरू करा. पहिल्या चार पायऱ्या तुम्ही करा, शेवटची ओढायची पायरी फक्त त्याला करू द्या. ती जमली की शेवटच्या दोन. यालाच आपण कॉलेजात बॅकवर्ड चेनिंग म्हणायचो. या पद्धतीचा मोठा गुण असा की प्रत्येक वेळी काम पुरं होतं ते मुलाच्या हातून. घरासाठी सकाळ सोडून द्या. संध्याकाळी शाळेचा शर्ट बदलून घरचा घालताना आईने हेच करावं. तिला एका कागदावर सात दिवसांचे चौकोन आखून द्या. मुलाने स्वतः केलं तर बरोबरची खूण, आईचा हात लागला तर फुली. याहून जास्त लिहायला तिला सांगू नका.

आणि आयईपीतलं ध्येय बदला. 'बटणे लावतो' या दोन शब्दांत ठिकाण नाही, कपडा नाही, मदत किती तेही नाही. त्याऐवजी असं लिहा : 'शाळेतून आल्यावर घरी, स्वतःच्या अंगातल्या शर्टाची खालची तीन बटणं, कुणी न सांगता, सलग पाच दिवस लावतो.' हे झालं की मगच 'साध्य'.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. विद्यापीठातलं संशोधन याचं उत्तर देतं का? देऊ शकतं, कारण तुम्ही विचारलेला प्रश्न हाच संशोधनाचा प्रश्न आहे. त्यासाठी दोनशे माणसं लागत नाहीत. आपल्या क्षेत्रात एकेका मुलावर केलेल्या शास्त्रशुद्ध प्रयोगांची भक्कम परंपरा आहे आणि ती खास आपल्यासारख्यांसाठी सोयीची आहे, कारण आपल्या वर्गात एकसारखी तीस मुलं कधी नसतातच.

समजा, तुमच्या शाळेत बटणांवर अडलेली तीन मुलं आहेत. पहिले काही दिवस तिघांनाही काही शिकवायचं नाही. रोज फक्त पाहायचं आणि लिहायचं : पाचपैकी किती पायऱ्या स्वतःहून झाल्या. ही झाली बेसलाइन. ती स्थिर दिसली की एकट्या पहिल्या मुलाला शिकवायला घ्यायचं, बाकी दोघांची नोंद नुसती चालू ठेवायची. पहिल्याची रेघ वर गेली आणि टिकली की दुसऱ्याला घ्यायचं, मग तिसऱ्याला. प्रत्येकाचा आलेख त्याला शिकवायला घेतल्यावरच चढला आणि त्याआधी सपाट राहिला, तर बदल तुमच्या शिकवण्यामुळे झाला असं ठामपणे म्हणता येतं. वय वाढलं म्हणून, औषध बदललं म्हणून किंवा सुट्टीत मामाकडे जाऊन आला म्हणून तिघांचेही आलेख नेमके तुमच्या तारखांनाच वर जाणार नाहीत. या रचनेला मल्टिपल बेसलाइन म्हणतात. १९६८ साली बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी ती मांडली, आणि आजही जगभर विशेष शिक्षणात ती वापरतात. लागतं काय? आलेखाचा कागद, पेन आणि शिस्त. शिवाय काही दिवस तुमच्याच एखाद्या सहकारी बाईंनी स्वतंत्र नोंद घ्यायची, म्हणजे दोघींच्या नोंदी किती जुळतात ते दाखवता येतं. नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील, आणि तो रास्तच आहे. घरची नोंद आईच्या कागदावरून घ्यायची, आणि शिकवणं थांबवल्यावर महिन्याने पुन्हा एकदा सगळं मोजायचं.

सरांनी सुचवलेल्या विषयाबद्दल स्पष्ट लिहिते. अभिवृत्तीचे सर्वेक्षण वाईट नसतं. पण शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतले प्रबंध ठेवलेल्या संकेतस्थळावर, जाऊन 'समावेशक शिक्षण' आणि 'अभिवृत्ती' एवढंच टाकून बघा. जिल्हा बदलून, स्त्री-पुरुष आणि ग्रामीण-शहरी अशी तुलना करून तेच ते काम पुन्हा पुन्हा झालेलं दिसेल. त्यातून आपल्याला कळतं ते इतकंच की कागदावर शिक्षक समावेशनाच्या बाजूचे असतात. वर्गात काय करायचं हे त्या शिक्षकाला त्यातून कळत नाही. तुमच्यासारखी सहा वर्षं मुलांच्या हाताला हात लावून शिकवलेली बाई विद्यापीठात जाते आणि तिच्याकडून दोनशे प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. विभागांना माणसं कमी पडतात ती तुमच्यासारखीच.

तुम्ही लिहिलंय, 'कॉलेजात शिकवलं ते सगळं मी केलं.' मी प्रशिक्षण महाविद्यालयात बरीच वर्षं शिकवलं आहे, त्यामुळे हे वाक्य मला लागलं. आपल्याकडे शिक्षक घडवताना पाठ नियोजनाची वही, तक्ते, शैक्षणिक साहित्य आणि केस स्टडीची फाइल यांवर फार श्रम जातात. सरावपाठाला मार्गदर्शक येतात, पाठीमागे बसतात, वहीवर सही करतात आणि पुढच्या वर्गात जातात. पाठ झाल्यावर त्या मुलाला काय आलं, चार दिवसांनी ते टिकलं का, हे तपासायला ना विद्यार्थी-शिक्षक थांबतो ना मार्गदर्शक. एका मुलाबरोबर सलग दोन-तीन महिने एकच ध्येय धरून काम करायची संधी प्रशिक्षणात फार थोड्यांना मिळते. ती मिळाली असती तर फ्रेम आणि शर्ट यांतला फरक तुम्हाला तिथेच दिसला असता.

दुसरी अडचण रचनेची आहे. १९९५च्या अपंगत्व कायद्यात सात प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते एकवीस केले, आणि त्यात स्वमग्नता आली, विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, बहुविकलांगताही आली. आपलं प्रशिक्षण मात्र अजून मुख्यतः एकेका प्रकाराच्या विशेषीकरणावर उभं आहे. तालुक्याच्या गावी 'मतिमंद विद्यालय' अशी पाटी असते आणि वर्गात डाउन सिंड्रोमचं मूल, स्वमग्न मूल, सेरेब्रल पाल्सीचं मूल, फिट्स येणारं मूल अशी सगळीच असतात. एकाच पाठाची चार रूपं करायला त्या शिक्षिकेला कुणीही शिकवलेलं नसतं.

आणि मराठीत होण्यासारखं काम तर ढीगभर पडलंय. बुद्धिमापनाची बिने-कामत चाचणी आपण आजही वापरतो. कामतांनी ती मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी १९३०च्या दशकात बसवली. नागपुरात डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बुद्धिमापन श्रेणी तयार केली, तिलाही अर्धशतक उलटून गेलं. अलीकडचं चांगलं उदाहरण म्हणजे मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली डाली ही वाचन-अक्षमतेची चाचणी. २०१५ साली ती आली तेव्हा हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर तिच्यात मराठीही होती. पण मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या, कोकणातल्या विशेष मुलांच्या भाषेवर आणि रोजच्या कौशल्यांवर नीट मोजून केलेलं काम शोधायला गेलं तर हाताशी थोडंच लागतं. लिफ्टचं आणि टोस्टरचं चित्र दाखवून मुलाचा शब्दसंग्रह मोजायचा, आणि त्याला सीताफळ, बोरं, कडबा, विळा सगळं ओळखता येतं हे कुठे नोंदवायचंच नाही, असं अजून चालतं. मुंबईच्या जय वकील संस्थेने बौद्धिक अक्षम मुलांसाठी 'दिशा' हा अभ्यासक्रम तयार केला आणि राज्य सरकारने तो विशेष शाळांत नेला. हे मोठं पाऊल आहे. तो लहान गावांतल्या शाळांमध्ये कसा उतरतो, कुठे अडतो, हे तिथल्याच शिक्षकांनी मोजून लिहिलं पाहिजे. मुंबईहून येऊन दोन दिवसांत ते कुणाला दिसणार नाही.

आता प्रवेशाचं. एम.एड. स्पेशल दोन वर्षांचं, हजेरीचं असतं. त्यामुळे नोकरी, रजा आणि पगार यांचा विचार आधी करा. शाळा विनाअनुदानित असेल तर बिनपगारी रजेचं पत्र लेखी घ्या, तोंडी शब्दावर जाऊ नका. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाला पैसे भरू नका, आणि ती मान्यता तुमच्या प्रवेशाच्या सत्राला चालू आहे का, ते परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः बघा, दलालाचं ऐकू नका. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाचा जुहूच्या आवारात विशेष शिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे. तुमचं विशेषीकरण बौद्धिक अक्षमतेचं असल्यामुळे सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेचाही विचार करा. १९८४ साली ती सुरू झाली, आणि लातूरहून ती मुंबईपेक्षा जवळ आहे. वांद्र्याची अली यावर जंग संस्था श्रवणदोषाच्या क्षेत्रातली, तेव्हा ती तुमच्या कामाची नाही. एम.एड. झाल्यावर वाढीव पात्रतेची नोंद परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत करून घ्यायला विसरू नका.

पीएच.डी.ची घाई करू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांनुसार ती कमीत कमी तीन वर्षांची, जास्तीत जास्त सहा वर्षांची, आणि स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे. विद्यापीठ स्वतःची प्रवेश परीक्षा (पेट) घेतं की नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर प्रवेश देतं, ते आधी विचारा. विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा. पुष्कळ विद्यापीठांत विशेष शिक्षणाची पीएच.डी. 'शिक्षणशास्त्र' या विषयातच होते आणि मार्गदर्शक सर्वसाधारण शिक्षणातले असतात. त्यांना भेटाल तेव्हा विचारा : विशेष मुलांबरोबर प्रत्यक्ष प्रयोग केलेला एखादा प्रबंध त्यांच्याकडे झालाय का? कमी मुलांची रचना त्यांना मान्य आहे का, की तीस-तीसचे दोन गट हवेतच असा आग्रह आहे? प्रबंध मराठीत लिहू देतील का? तिसऱ्या प्रश्नाला लाजू नका. तुमच्या मुलांच्या आया काय बोलल्या ते मराठीतच नीट लिहिता येईल.

घरच्यांची काळजी खरी आहे, तिला नावं ठेवू नका. पण त्यांच्यासमोर हेही ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये सर्वसाधारण शाळांतल्या दिव्यांग मुलांसाठी प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितलं, आणि मार्च २०२५मध्ये राज्यांना पदं जाहीर करायला सांगितलं. महाराष्ट्राने २०२४मध्ये केंद्रस्तरावर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या समूहामागे, विशेष शिक्षकांची ४,८६० पदं ठरवली, त्यांत आधी 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतल्या कंत्राटी शिक्षकांना सामावून घ्यायचं आहे. म्हणजे उद्याच तुमच्या हातात नेमणुकीचं पत्र पडेल असं नाही, आणि तसं आश्वासन मी देणार नाही. पण आपलं क्षेत्र आटत चाललंय ही समजूत चुकीची आहे. साधं बी.एड. केलंत तर पुन्हा दोन वर्षं जाणार आणि तुम्ही साध्या बी.एड.वाल्यांच्या रांगेच्या शेवटी उभ्या राहणार. सहा वर्षांचा अनुभव तिथे कुणी मोजणार नाही.

माझं म्हणणं असं. या वर्षी कुठेही प्रवेश घेऊ नका. हे वर्ष बटणांना द्या. तीन मुलं निवडा, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या आणि पालकांची लेखी संमती घ्या. संमतीपत्र आईबापांना समजेल अशा मराठीत असू द्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, आणि मधेच नको वाटलं तर थांबता येईल हे त्यात स्पष्ट लिहा. मुलाने हात मागे घेतला, तोंड फिरवलं, तर तोही नकारच समजायचा आणि त्या दिवशी तिथेच थांबायचं. अंगावरचा शर्ट उघडा असताना फोनने व्हिडिओ काढू नका, नोंदीसाठी कागद पुरतो. वर्षभराचे आलेख हातात असले की एम.एड.च्या मुलाखतीला तुम्हाला काही पाठ करून जावं लागणार नाही. हे काम तसंच्या तसं लघुप्रबंध म्हणून लागणार नाही, कारण विद्यापीठाच्या नैतिक समितीची मान्यता आधी घ्यावी लागते. पण पद्धत हातात बसलेली असेल आणि कुठे अडतं ते माहीत असेल. मग लघुप्रबंधाला बटणांऐवजी पँटची चेन घ्या, चपलेचा पट्टा घ्या किंवा दुकानात पैसे देणं घ्या.

सरांना दुखवायचं कारण नाही. त्यांना एवढंच सांगा : "सर, मला हस्तक्षेपावर, म्हणजे प्रत्यक्ष शिकवून काय बदलतं यावर, काम करायचं आहे, तीन मुलांवर मल्टिपल बेसलाइन रचनेने. घरी सामान्यीकरण होतं का, हे मोजायचं आहे. तुम्ही मार्गदर्शन कराल का?" बरोबर पहिल्या महिन्याच्या नोंदी घेऊन जा आणि टेबलावर ठेवा. कदाचित त्यांनाही हे हवं असेल, आजवर कुणी आणून दिलं नसेल. आणि ते म्हणाले की दोनशेपेक्षा कमी नमुना चालत नाही, तर आभार मानून निघा आणि दुसऱ्या मार्गदर्शकाकडे जा. बेसलाइनचे पहिले दहा दिवस झाले की तक्ता मला पाठवा. तीनपैकी एखाद्याची रेघ शिकवण्याआधीच चढत असेल तर त्या मुलाच्या जागी दुसरं मूल घ्यावं लागेल, आणि ते सुरुवातीलाच कळलेलं बरं.